बंदी आली तर थांबाल का?

लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाला पावसाळ्यातल्या जोडून सुट्ट्यांचे कौतुक नसते. पुण्या-मुंबईचे पाहुणे भुशी धरणाकडे निघतात आणि आम्ही आमच्याच घरी पोहोचण्यासाठी रस्त्यात उभे राहतो.

गेल्या पावसाळ्यातील अशाच एका शुक्रवारची गोष्ट. वस्तीतल्या एका विधवा भगिनीच्या निराधार योजनेच्या अर्जासाठी वडगावला तहसील कचेरीत गेलो होतो. महिला मंडळाचे काम असल्याने पत्नीही सोबत होती. परतताना कामशेत सोडले आणि पुढे कार्ला फाट्याच्या अलीकडे सगळे ठप्प. वरून पाऊस, खाली चिखल, बाजूला ट्रकचा धूर. क्लच दाबून दाबून डावा हात भरून आला. पाऊण तास काढला. मग पुढची पोरे फटाफट गाड्यांच्या मधून निघाली, तसा मीही एक टँकर आणि एक मोटार यांच्या फटीत शिरलो.

तेवढ्यात टँकर हलला. फार नाही, वीतभर. पण माझे हँडल त्याच्या बाजूच्या लोखंडाला घासले, गाडी डगमगली आणि मागे बसलेल्या पत्नीचा गुडघा सोलून निघाला. मी कसाबसा तोल सावरला. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. हळद लावताना म्हणाली, "तुम्ही दर रविवारी विहारात पोरांना पंचशील सांगता. त्या टँकरवाल्याने ब्रेक सोडला असता तर ती हिंसा कुणाच्या नावावर लिहिली असती? त्याच्या की तुमच्या?"

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. उत्तर सुचले नाही की आकडे मांडतो. रस्त्याची एक मार्गिका साडेतीन मीटरची धरतात. मोठा ट्रक अडीच मीटर रुंद असतो. दोन ट्रक आपापल्या मार्गिकेच्या बरोबर मध्ये उभे राहिले तर त्यांच्यामध्ये एक मीटर जागा उरते. मोटरसायकलचे हँडल साधारण पाऊण मीटरचे. म्हणजे दोन्ही बाजूंना चार-पाच बोटे! आणि तीही ट्रक मध्यावर उभे राहिले तर. जुन्या हायवेवर मध्यावर कोण उभे राहतो? शिवाय उंच केबिनमध्ये बसलेल्या ड्रायव्हरला चाकाजवळची मोटरसायकल दिसतच नाही. त्याला शिव्या देऊन उपयोग काय?

हा हिशेब मी रविवारी विहारात तरुणांपुढे मांडला. वंदना झाल्यावर सरळ विचारले, "उद्या सरकारने गाड्यांच्या मधून मोटरसायकल काढायला कडक बंदी घातली, तर किती जण थांबाल?" पंधरा-सोळा पोरे होती. तीन हात वर आले. त्यातला एक हात ज्याच्याकडे गाडीच नाही त्याचा!

माझा भाचा पहिल्या रांगेत बसला होता. हा तळेगाव एमआयडीसीत कंत्राटी कामगार. चार महिन्यांपूर्वी तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनर आणि टेम्पोच्या मधून जाताना पडला, गळ्याजवळचे हाड मोडले. सहा आठवडे घरी, आणि काम नाही तर दाम नाही. मला वाटले, हा तरी हात वर करील. तो म्हणाला, "मामा, मी खोटं बोलणार नाही. सातला गेट बंद होतं. पाच मिनिटं उशीर झाला तर अर्धा दिवस जातो. महिन्यात तीनदा झालं तर ठेकेदार दुसरा माणूस बघतो. दंड कधीतरी होईल, अर्धा दिवस रोज कापतील. तुम्हीच हिशेब करा."

बीकॉमवाल्याला शाळा न संपवलेल्या भाच्याने हिशेब शिकवला.

खरे तर बंदी अर्धीमुर्धी आधीच आहे. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीत मार्गिकेची शिस्त सांगितलेली आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा नियमभंगाला ५०० ते १००० रुपये दंड ठेवला आहे. द्रुतगती मार्गावर तर दुचाकीला पूर्ण मनाई, तरी चुकून किंवा मुद्दाम घुसणारे सापडतातच. अमेरिकेत बहुतेक राज्यांनी मधून गाडी काढणे बेकायदा मानले. कॅलिफोर्नियाने मात्र २०१६ साली कायदा करून या प्रकाराला मान्यता दिली आणि सुरक्षित कसे जावे याच्या सूचना काढण्याचे काम तिथल्या महामार्ग पोलिसांवर सोपवले. पण तिथला रस्ता वेगळा, तिथे मार्गिकेत बैलगाडी, रिक्षा आणि वडापावची गाडी येत नाही.

फलकाने काय होते, हे आपल्या मावळाने पाहिले आहे. १५ जून २०२५, रविवार. कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट कोसळला. चार माणसे गेली, कितीतरी जखमी झाली. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता, आणि तरी लोक पुलावर होते, दुचाकीही होत्या. गेलेल्यांना मी दोष देत नाही. सहलीला आलेल्या माणसाला समोर पूल उभा दिसतो, लोक जाताना दिसतात. फलकापेक्षा पुढच्या माणसाची पाठ जास्त खरी वाटते. मीसुद्धा कार्ला फाट्यावर पुढच्या पोरांच्या पाठी बघूनच शिरलो होतो.

विहारातली एक-दोन पोरे लगेच म्हणाली, "मग सर, बंदीचा उपयोगच काय? लोक करणार ते करणारच." हे वाक्य ऐकले आणि मला राग आला. कारण हे वाक्य आपल्याला परके नाही. अस्पृश्यतेवर बंदी घालून काय होणार, लोकांची मने बदलली पाहिजेत, असे सांगणारे तेव्हाही होते. संविधानाच्या सतराव्या कलमाने ती बंदी घातलीच. ती पुरली नाही म्हणून १९५५ चा कायदा आला, १९७६ ला तो अधिक कडक झाला, तोही पुरला नाही म्हणून १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. प्रथा कायद्याच्या दिवशी मेली नाही, हे आपण अंगावर भोगले आहे. पण कायदा नसता तर पोलीस ठाण्याची पायरी कोणत्या कागदाच्या जोरावर चढलो असतो? बाबासाहेबांनीच बजावले आहे की हक्कांचे रक्षण नुसता कायदा करीत नाही, समाजाची सदसद्विवेकबुद्धी करते. तरीही त्यांनी कायदा लिहायचे सोडले नाही. दोन्ही हातांनी काम केले.

पोरे गप्प झाली. तेव्हा मागच्या रांगेतली एक सूनबाई उठली. तिचा नवरा चाकणला जातो. ती म्हणाली, "आमचे हे सकाळी मधून घुसतात ते कंपनीसाठी. पण रात्री घरी येतानाही घुसतात. रात्री कुठलं गेट बंद होतं?"

सगळे हसले, भाचाही हसला. पण तिने नेमके बोट ठेवले होते. सकाळी पोटाची निकड असते. संध्याकाळी फक्त सवय असते. आणि चौदा एप्रिलच्या रॅलीत जी पोरे हेल्मेटशिवाय तिघे-तिघे बसून वाजवत जातात, तिथे ना पोट ना गेट. निळा झेंडा हातात असताना चौकातला पोलीस हात दाखवील आणि आपण थांबणार नाही, हे बघून मला दरवर्षी शरम वाटते. ज्या माणसाने या देशाला नियमांचा ग्रंथ दिला त्याच्या जयंतीला!

पंचशील आपण घेतो, ते कुणी लादलेले नसते. शिक्षापद म्हणजे शिकण्याचा नेम, आपल्या तोंडाने घेतलेला. दंडाची पावती फाडणारा तिथे कुणी नाही. म्हणून त्या रविवारी ठराव वगैरे काही केला नाही. एवढेच ठरले की घरी परतताना आणि मागे बायको-पोर बसलेले असताना कुणी मधून जायचे नाही. आणि गेटचे बघायला आम्ही चौघे जायचे.

अर्ज मी लिहिला, कारकुनाला तेवढे येते. पावसाळ्याचे चार महिने हजेरीला पंधरा मिनिटांची सवलत द्यावी, अपघाताने कामगार सहा आठवडे घरी बसतो त्यापेक्षा कंपनीला हे स्वस्त पडते, असा हिशेबही जोडला. साहेबांनी चहा पाजला, कागद वाचला आणि म्हणाले, "कंत्राटी कामगारांचं ठेकेदार बघतो." ठेकेदाराकडे गेलो तर तो म्हणाला, "वेळ कंपनीची आहे." पोहोच मात्र दोघांकडून सही-शिक्क्यानिशी घेतली आहे. तिसरी प्रत कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन आलो. पुढच्या महिन्यात तारीख आहे.

परवा रात्री साडेआठला भाच्याचा फोन आला. "मामा, वडगाव फाट्यावर टँकरच्या मागे उभा आहे. अर्धा तास झाला. मधनं जागा आहे." मी विचारले, मग? "मग काय, आईला सांगा भाकरी झाकून ठेव."