नाव ठेवा, नावं ठेवू नका!

मराठीत एक गंमत आहे. बाळाला आपण नाव ठेवतो आणि शेजाऱ्यांना नावं ठेवतो. फरक फक्त एका अनुस्वाराचा! ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये ज्याच्याकडे नावांचं खातं असतं, त्याला ही दोन्ही कामं एकाच रात्री करावी लागतात. मी हे खातं तीन वर्षं सांभाळलंय. पगार शून्य, शिव्या भरपूर.

आता तुम्ही म्हणाल, गेममधल्या नावाचं एवढं काय टेन्शन? ऐतिहासिक नाटक रंगात आलंय, तलवारी उपसल्यात, आणि तेवढ्यात एका मावळ्याच्या मनगटावर चकचकीत घड्याळ दिसलं तर? झालं! प्रसंगाचा पार चुथडा. रोल-प्ले सर्व्हरवरचं नाव तसंच असतं. तिथे लोक महिनोन् महिने एक काल्पनिक जग जगतात. त्यांची राणी शोकसभेत बोलत असताना मागून 'पिझ्झा-बॉय-९९' आत शिरला, की सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी.

मोठ्या गेममध्ये हे काम पगारी माणसं करतात. २००४ मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये नाव दोन ते बारा अक्षरांचं. नियम मोडलात, कुणी तक्रार केली आणि गेम मास्टरला पटली, की पुढच्या वेळी लॉग-इन करताना 'नवं नाव सांगा' अशी पाटी समोर. 'सिटी ऑफ हिरोज'चा खाक्या त्याहून भारी. तिथे लोकांनी हल्क आणि वुल्व्हरिनच्या कॉप्या काढल्या. २००४ च्या नोव्हेंबरात मार्व्हलने कंपनीवर दावा ठोकला, तो २००५ च्या डिसेंबरात सामोपचाराने मिटला. त्या गेममध्ये नाव आक्षेपार्ह ठरलं की तुमचा सुपरहिरो थेट 'जेनेरिक हिरो' आणि पुढे एक नंबर! एवढा केप-बिप घालून शेवटी नंबरच.

आमचं जग मात्र घरगुती होतं. २००२ मध्ये आलेल्या 'नेव्हरविंटर नाइट्स'ची खासियत ही, की कोणीही आपलं स्वतःचं जग बांधून ते सर्व्हरवर चालवू शकायचं. अशाच एका जगात २००५ पासून मी डीएम, म्हणजे डन्जन मास्टर होते. दिवसा हिंजवडीत कोडिंग, रात्री राणीचा दरबार. युरोपातली संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र, त्यामुळे झोपेचं खोबरं ठरलेलं. आम्ही पाच डीएम, पाच देशांतले. नावांचं खातं माझ्याकडे आलं, कारण बाकी कुणालाच ते नको होतं!

दीक्षित अडकले, शिवी सुटली

आमच्या सर्व्हरवर वाईट शब्द पकडणारी एक छोटी स्क्रिप्ट होती. एके दिवशी तिने न्यू जर्सीतल्या एका मराठी इंजिनिअरला दारातच अडवलं. त्याने आपल्या मंकला स्वतःचंच आडनाव दिलं होतं, दीक्षित. त्याच्या घरात ते 'एक्स' न घालता लांबलचक लिहितात. मग शेवटची चार इंग्रजी अक्षरं काय होतात, ते तुम्हीच कागदावर लिहून बघा. दीक्षा घेतलेला तो दीक्षित. मंकसाठी याहून चपखल नाव कुठलं? पण स्क्रिप्टला कुठे मराठी येतं!

हा घोळ जुनाच आहे. इंग्लंडमध्ये स्कनथॉर्प नावाचं गाव आहे. १९९६ मध्ये एओएलच्या फिल्टरला त्या नावाच्या पोटात एक घाण शब्द दिसला आणि गावकऱ्यांना अकाउंट उघडता येईनात. तेव्हापासून या भानगडीला 'स्कनथॉर्प प्रॉब्लेम' म्हणतात. मी दीक्षितांना हाताने आत घेतलं, विषय संपला.

त्याच महिन्यात उलटी केस आली. एक नवा एल्फ दाखल झाला. दोन शब्दांचं लांब, नाजूक, गुळगुळीत नाव. कॅनडातल्या डीएमने मला कौतुकाने लिहिलं, बघ, याला म्हणतात एल्फचं नाव! मी वाचलं आणि हातातला चहा कीबोर्डवर सांडायचा राहिला. अस्सल मराठी, आईवरून दिलेली शिवी, नाव-आडनावात वाटून टाकलेली आणि शेवटी एल्फ वाटावं म्हणून 'इएल' जोडलेलं. कल्पकता सॉलिड होती, नाकारत नाही. पण त्या शनिवारी दरबार होता, आणि राणी म्हणून त्या नावाने त्याला हाक मारायची होती मला!

मी त्याला खासगीत मराठीतच लिहिलं. तो निघाला कोल्हापूरचा, इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरचा. त्याचं उत्तर, "ताई, हितं कुणाला कळतंय? आपण दोघंच की!"

खरी मेख इथे होती. कळणारी मी एकटीच. म्हणजे फिर्यादी मी, साक्षीदार मी, दुभाषी मी आणि न्यायाधीशही मीच. मी उद्या रागाच्या भरात कुठल्याही मराठी नावाला शिवी म्हटलं असतं, तरी चौघांनी माना डोलावल्या असत्या. असा अधिकार हातात आला की जरा घाबरलेलं बरं.

म्हणून मी निकाल द्यायचा नाही, असं ठरवलं. खेळाडू कोण ते न सांगता शब्दांचा अर्थ चौघांपुढे मांडला. तो खरा आहे का, हे दुसऱ्या मराठी माणसाकडून तपासून घेतलं. तो दुसरा माणूस म्हणजे आपले मंक दीक्षित! त्यांनी एका ओळीत कळवलं, 'अर्थ बरोबर, स्पेलिंगही बरोबर.' चौघांचं एकमत झालं. नाव बदला, मुदत सात दिवस.

तांदळातलं नाव

काय काढून घ्यायचं यावर मात्र वाद झाला. जर्मनीतला डीएम म्हणाला, कॅरेक्टरच डिलीट करू, धडा मिळेल. मी अडून बसले. माझ्या आईचं नाव लग्नात बदललं. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, ते तिला तिथेच पहिल्यांदा कळलं. मावशीच्या पत्रांवर कायम जुनं नाव, रेशनकार्डावर नवं. तिने कधी तक्रार केली नाही, पण मावशीचं पत्र आलं की आधी पाकिटावरचं नाव वाचायची, मग पाकीट उघडायची. नाव बदलायला लावणं ही छोटी गोष्ट नाही, एवढं मला घरूनच ठाऊक होतं. त्यामुळे माझा आग्रह असा, की नियम मोडलाय तो नावाने, नाव तेवढं जाऊ दे. लेव्हल, सोनं, नदीकाठचं घर, सगळं त्याचंच. आणि नवं नाव तो स्वतः निवडेल, आम्ही नाही.

पोराने ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "बरं ताई. आणि त्या लेगोलासचं काय?"

बोट अगदी वर्मावर! आमच्या नियमात साफ लिहिलं होतं, पुस्तक-सिनेमातल्या प्रसिद्ध पात्रांची नावं नकोत. आणि आमचा सर्वांत जुना खेळाडू टोल्किनच्या लेगोलासच्या स्पेलिंगमध्ये दोन अक्षरं इकडची तिकडे करून पहिल्या दिवसापासून मिरवत होता. त्याला कधीच कुणी टोकलं नाही, कारण सर्व्हरच्या भाड्यातला अर्ध्याहून जास्त वाटा त्याचा. कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला नियम आणि भाडं भरणाऱ्याला सवलत? याला आपल्याकडे काय म्हणतात, ते सांगायला नको.

मी डीएमांच्या बैठकीत सांगितलं, दोघांनाही सात दिवस, नाहीतर दोघांनाही माफी. शिवी आणि उसनं नाव यांत फरक आहे, असं ऑस्ट्रेलियातली डीएम म्हणाली. बरोबरच होतं तिचं. पण फरक असेल तर तो नियमात लिहा, माणूस बघून ठरवू नका. तीन विरुद्ध दोन मतांनी ठराव पास झाला.

जुन्या खेळाडूला आम्ही सन्मानाने सुचवलं, की तुझ्या नव्या नावासाठी दरबारात मोठा समारंभ करू, चक्क बारसं! त्याने सहा दिवस उत्तर दिलं नाही. सातव्या दिवशी निघून गेला. जाताना चार ओळी लिहिल्या, त्यातली एक माझ्यासाठी होती, आणि ती कौतुकाची नव्हती.

पहिल्या तारखेला भाड्याचा प्रश्न उभा राहिला. आम्ही टोपी फिरवली. अकरा जणांनी थोडे थोडे पैसे घातले. कोल्हापूरच्या पोराकडे क्रेडिट कार्ड नव्हतं, त्याचा वाटा दीक्षितांनी भरला. त्याने तो पुण्याला येऊन मला रोख दिला, वर कांदेलसणीच्या चटणीची एक पिशवी. त्याच्या एल्फचं नवं नाव होतं 'पनहाल'. कॅनडावाला पुन्हा म्हणाला, याला म्हणतात एल्फचं नाव! या वेळी मी काही बोलले नाही. पन्हाळगडाने कुणाचं काय बिघडवलंय?

त्यानंतर आम्ही नियमांचं पान नव्याने लिहिलं. नियम दारावरच वाचायला मिळेल, आत आल्यावर नाही. नाव खटकलं तर का खटकलं, ते कारण लिहून देऊ. परक्या भाषेतल्या शब्दाला दोन जाणकार हवेत. मुदत सगळ्यांना सारखी. निकाल पटला नाही, तर ज्याने तो दिला नाही अशा डीएमकडे दाद मागता येईल. आणि डीएमच्या मित्राची केस तो डीएम बघणार नाही. पान जेमतेम अर्धं भरलं, पण भांडणं निम्म्यावर आली.

आज बड्या गेममध्ये नावं चाळायचं पहिलं काम मशीन करतं. लाखो खेळाडू म्हटल्यावर माणसं पुरणार कुठून? तक्रार नाही. फक्त एवढंच, की मशीनने अडवलेल्या दीक्षितांना दाद मागायला पलीकडे एखादा माणूस असावा, आणि मशीनला न कळलेली शिवी सांगणाऱ्याचं कुणीतरी ऐकावं. तुमच्या गेममध्ये हे काम तुमच्याकडे आलं, तर पहिल्यांदा भाडं भरणाऱ्याचं नाव तपासा. बाकीचे नियम लोक आपोआप पाळतात, बॉस!