भिंतीवरचं वाक्य

‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द मी किती भिंतींवर लिहिला असेल, त्याची मोजदाद नाही. २०११ च्या जनगणनेत आमच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे अवघ्या ८०७ मुली निघाल्या. पुढच्याच वर्षी परळीच्या दवाखान्यातलं बेकायदा गर्भलिंगनिदान आणि गर्भपातांचं प्रकरण उघडकीला आलं. आम्ही पेटून उठलो, गावोगाव फिरलो. गर्भ पाडणं म्हणजे खून, असं मी सभांमधून सांगायचे, आणि अगदी मनापासून सांगायचे. १९७१ चा गर्भपाताचा कायदा मला माहीत होता. पण त्याचं नाव काढलं तर आपल्या बोलण्याची धार जाईल, म्हणून मी तो विषयच टाळायचे.

२०१३ च्या पावसाळ्यात आमच्या बचत गटातली एक बाई रात्री घरी आली. दोन मुलं, एक मुलगी. “ताई, तांबी कधी पडली कळलंच नाही. दिवस गेलेत. ऊसतोडीची उचल घेतलीय, दसऱ्यानंतर कोयता घेऊन निघायचंय. मला नाही ठेवायचं.” नववा आठवडा होता.

मी तिला घेऊन तालुक्याच्या एका दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी हात जोडले. “सध्या नको. चौकशा चालू आहेत. नवऱ्याची सही आणा, मग बघू.” खरं तर सज्ञान बाईला कायद्याने नवऱ्याची सही लागत नाही, आणि नवव्या आठवड्यात सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे कळतही नाही. हे दोन्ही त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. ते घाबरले होते. गर्भपाताच्या गोळ्यांचंही तेच, धाडींच्या धास्तीने औषधदुकानांनी त्या ठेवणंच सोडलं होतं.

बाकावर तिची आठ वर्षांची मुलगी शेजारी बसली होती. नुकती अक्षरं जोडून वाचायला लागलेली. समोरच्या भिंतीवर आमचंच पोस्टर होतं, मजकूर माझा. तिने बोट दाखवत मोठ्याने वाचलं, “आ-ई, म-ला मा-रू न-को.” आणि आईकडे बघून विचारलं, “कोण मारतंय गं?”

आईने तिचं तोंड दाबलं. मी भिंतीकडे बघत राहिले.

दोन एसट्या बदलून शेजारच्या जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात तिचं काम झालं, तोवर अकरावा आठवडा लागला होता. मी सोबत होते म्हणून झालं. माझं ते वाक्य वाचून दवाखान्याच्या दारातूनच माघारी गेलेल्या बायका कुठे गेल्या असतील, कोणाच्या हाताखाली गेल्या असतील, हा विचार आजही झोपू देत नाही.

गर्भलिंगनिदानाला माझा विरोध तसूभरही कमी झालेला नाही. गुन्हा त्या तपासणीत आहे. मूल नको म्हणणाऱ्या बाईच्या पोटात नाही. या दोन गोष्टी मी एकाच शब्दात कोंबल्या, ही माझी चूक. तीन मुलींनंतर सासूच्या धाकाने आलेल्या बाईला काय सांगायचं, हे मात्र मला अजून नीट सुचत नाही. तिच्याशी बोलत बसते, एवढंच.

‘हत्या’ हा शब्द मी सोडला. जुन्या मैत्रिणी रागावल्या, एक तर अजून बोलत नाही. आता गटाच्या बैठकीत मी फळ्यावर कायदाच लिहिते: वय अठरा पूर्ण असेल तर सही फक्त तिची. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचं मत पुरतं. बायका ते वहीत उतरवून घेतात. ज्यांना लिहिता येत नाही, त्या मुलींकडून लिहून घेतात.