लिव्होर्नोची सनद

इटलीच्या बंदरांची गोष्ट निघाली की व्हेनिस आणि जिनोव्हापुढे लिव्होर्नोचे नाव सहसा कोणी काढत नाही. जे अभ्यासक त्याच्याकडे वळतात ते मात्र भारावून जातात. इन्क्विझिशनच्या काळात ज्यू, आर्मेनियन, ग्रीक, इंग्रज, डच या सगळ्यांना नांदवणारे उदार शहर, असे त्याचे चित्र ते रंगवतात. मला हे चित्र अर्धवट वाटते. लिव्होर्नोच्या मुळाशी औदार्य नव्हते, रोकडा हिशेब होता. आणि माझे म्हणणे असे की तो हिशेब होता म्हणूनच तिथली व्यवस्था अडीच शतकांहून अधिक काळ टिकली.

पिसाचे जुने बंदर गाळाने बुजत गेले, तेव्हा तोस्कानाच्या मेदिची ड्यूकांना समुद्राकडे नवा दरवाजा हवा होता. जागा होती ती दलदलीची, हिवतापाची, जेमतेम वस्तीची. 1570च्या दशकात वास्तुकार बुओन्तालेन्तीने खंदक आणि बुरुजांचे आखीव शहर कागदावर उतरवले खरे, पण तिथे राहायला कोणी तयार होईना. 1593 मध्ये फेर्दिनांदो पहिला याने ‘लिव्होर्निना’ नावाने ओळखली जाणारी सनद काढली, ती या अडचणीतून. सनद अनेक राष्ट्रांच्या व्यापाऱ्यांना उद्देशून असली, तरी तिचा खरा रोख स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या ज्यूंवर होता. तिच्यातली कलमे वाचताना ती एखाद्या मुरलेल्या वकिलाने बसून लिहिल्यासारखी वाटतात. बाहेरगावच्या जुन्या कर्जांपासून संरक्षण, घरजमीन घेण्याचा हक्क, अंगावर ओळखीची खूण लावण्याची सक्ती नाही, आपापसातल्या तंट्यांसाठी समाजाचेच न्यायाधीश. पूर्वी परदेशात ख्रिस्ती म्हणून वावरलेल्यांची त्याबद्दल चौकशी होणार नाही, आणि तेरा वर्षांखालच्या ज्यू मुलांना घरच्यांच्या इच्छेविरुद्ध बाप्तिस्मा देता येणार नाही. एवढ्या तपशिलाने आश्वासन देणाऱ्याला ठाऊक असते, की समोरच्याचा आपल्या शब्दावर विश्वास नाही. हे सगळे देणारा फेर्दिनांदो स्वतः गादीवर येईपर्यंत कार्डिनल होता!

यावर कोणी म्हणेल, हिशेब तर सगळ्यांनाच कळत होता. मग लिव्होर्नोतच हे का साधले? आक्षेप रास्त आहे. अँकोनाच्या बंदरात आधीच्या पोपांनी पोर्तुगीज ज्यूंना अभय दिले होते. पॉल चौथा गादीवर आला आणि 1556 मध्ये त्यांच्यातल्या दोन डझनांच्या आसपास लोकांना मृत्युदंड देऊन जाळण्यात आले. अँकोनातले अभय पोपच्या मर्जीवर होते, मर्जी बदलली आणि ते संपले. व्हेनिसने 1589 मध्ये परदेशी ज्यू व्यापाऱ्यांना सनद दिली, पण राहायचे गेटोतच, म्हणजे ज्यूंसाठी राखलेल्या बंदिस्त वस्तीत, आणि रात्री दरवाजे बंद. व्हेनिसकडे स्वतःचा बडा व्यापारीवर्ग होता. परक्यांना किती मोकळीक द्यायची हे त्याला विचारून ठरायचे. लिव्होर्नोत दुखावण्यासारखा असा जुना वर्गच नव्हता. शहर कोरे होते, म्हणून तिथे हिशेब निर्वेधपणे मांडता आला. तो किती नेमका होता पाहा: ज्यूंना सिनेगॉग मिळाले, पण इंग्रज प्रोटेस्टंटांना उघड उपासनेची मुभा दीर्घकाळ नव्हती. सहिष्णुता हे तत्त्व असते तर असा फरक झाला नसता.

आता त्याच बंदरावरचे शिल्प पाहू. वर संगमरवरात फेर्दिनांदो उभा आहे. खाली चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवर पिएत्रो ताक्काने 1620च्या दशकात ओतलेले चार ब्राँझचे कैदी, हात पाठीमागे साखळदंडांनी जखडलेले, अंग पिळवटलेले. सांतो स्तेफानो या तोस्कानाच्या लढाऊ धर्मसंघाच्या सरदारांची गलबते समुद्रात मुस्लिमांना पकडून आणत, आणि त्यांना ‘बान्यो’ नावाच्या कोठाराइतक्या मोठ्या तुरुंगात ठेवले जाई. सनदेत तुर्क आणि मूर व्यापाऱ्यांनाही निमंत्रण आहे, आणि धक्क्यावर तुर्क आणि मूर गुलाम आहेत. सहिष्णुतेचे भक्त याला डाग म्हणतात. मला तो डाग वाटत नाही, कारण दोन्ही नोंदी एकाच खातेवहीतल्या आहेत: कोणाकडून भांडवल घ्यायचे आणि कोणाकडून वल्ही मारून घ्यायची. आश्चर्य म्हणजे त्या बान्योत गुलामांना नमाजासाठी जागा होती. उत्तर आफ्रिकेत आपल्या कैद्यांना चर्च हवे, तर इथे त्यांच्या कैद्यांना तेवढे दिले पाहिजे, हा व्यवहार त्यामागे होता.

या शहराचा एक धागा थेट गोव्याशी जुळतो. भूमध्य समुद्रातले पोवळे लिव्होर्नोत येई. रंग आणि आकारानुसार मणी निवडून, लडी ओवून ते लिस्बनमार्गे गोव्याला जाई, आणि बदल्यात हिऱ्यांचे कच्चे खडे परत येत. अठराव्या शतकातल्या एर्गास आणि सिल्व्हेरा या लिव्होर्नोच्या ज्यू पेढीचा पत्रव्यवहार फ्रांचेस्का त्रिवेल्लातो यांनी अभ्यासला आहे. त्यात लिस्बनला इटालियन कॅथलिक अडते, तर गोव्यात ‘कामोतीं’ म्हणजे कामत घराण्यातले सारस्वत व्यापारी दिसतात. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन असल्याने ज्यूंना तिथे जाणे धोक्याचे. या माणसांनी एकमेकांची तोंडेही पाहिली नव्हती. पत्रे पोर्तुगीजमधून चालत, माल जाऊन मोबदला येईपर्यंत वर्ष-दोन वर्षे सहज जात, आणि दगा झाला तर दाद मागायला सोयीचे न्यायालय नव्हते. तरी व्यवहार चालला तो पतीवर: एका अडत्याने शब्द फिरवला की ती बातमी पत्रांतून पेठापेठांत पोचत असे.

उरतो एक आक्षेप, आणि तो सगळ्यांत वजनदार: इतकी वर्षे शेजारी राहून मनेही जवळ आलीच असतील ना? काही घरांत आली असतील; पण 1790 मध्ये ग्रँड ड्यूक लिओपोल्डच्या धार्मिक सुधारणांविरुद्ध दंगा उसळला तेव्हा जमावाने ज्यूंनाही सोडले नाही. पुढे एकीकृत इटलीत ज्यूंना समान नागरिकत्व मिळाले आणि 1868 मध्ये लिव्होर्नोचा मुक्त बंदराचा दर्जा गेला. व्यापार त्याआधीच आटू लागला होता. लिव्होर्नोच्या ज्यूंनी बाहेर काय नेले, ते ट्युनिसमध्ये दिसते. तिथे स्थायिक झालेल्यांनी 1710 मध्येच स्थानिक ज्यूंपासून आपली जमात कराराने वेगळी काढली, आणि प्रार्थनास्थळही वेगळे ठेवले.