गोणपाटाची खोळ

गणपतीच्या सुट्टीत मी गिली सूट शिवायला घेतला तेव्हा बाहेर सगळं हिरवंगार होतं. चूक तिथेच झाली, पण ती कळायला दिवाळी उजाडली.

मला पक्ष्यांचे फोटो काढायची आवड आहे. बारामती तालुक्यात सुप्याच्या बाजूला माळरानं आहेत, तिथे पखुर्डी दिसते. कबुतराएवढा मातकट पक्षी. जमिनीवर बसला की ढेकूळ कुठलं आणि पक्षी कुठला, कळत नाही. उन्हाळ्यात सकाळी ऊन जरा वर आलं की पखुर्ड्या थव्याने पाण्यावर येतात, घाईघाईने पितात आणि उडून जातात. माणूस दिसला तर उतरतच नाहीत. दोन उन्हाळे मी डोक्यावरून जाणारे थवे बघून परत आले होते.

गिली सूट म्हणजे अंगभर धाग्यांच्या झिपऱ्या लावलेला पोशाख. स्कॉटलंडमध्ये शिकाऱ्यांसोबत रानात जाणाऱ्या मदतनिसांना गिली म्हणत, त्यांचा हा. १९०० मध्ये बोअर युद्धासाठी लोव्हॅट स्काउट्स नावाची तुकडी अशाच रानातल्या लोकांतून उभी राहिली आणि पोशाख सैन्यात गेला. विकतचे मी दोन पाहिले. दोन्ही चकाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या धाग्यांचे होते आणि रंग आपल्या माळाचे नव्हते. लष्करी छापाचे कपडे तर मी मुद्दाम टाळले. गावात नको ते गैरसमज होतात.

वाण्याकडून सहा रिकामी गोणपाटाची पोती आणली. भिगवणच्या एका मच्छीमाराने फाटकं जाळं दिलं. खाली घालायला नवऱ्याचा जुना खाकी शर्ट आणि पँट. पोत्याच्या हातभर लांब, चार बोटं रुंद पट्ट्या कापायच्या आणि आडवे धागे ओढून काढायचे, की उभ्या धाग्यांची झिपरी तयार होते. ऐकायला सोपं आहे. मला अकरा संध्याकाळी लागल्या. तूस इतकं उडतं की दुसऱ्या दिवशी घसा धरला. नाकातोंडाला फडकं बांधा आणि हे काम घराबाहेर करा.

नव्या गोणपाटाला रॉकेलसारखा वास येतो, म्हणून झिपऱ्या धुवायला हव्या होत्या. मी त्या वॉशिंग मशीनमध्ये टाकल्या. पाणी बाहेर जाईना. दुरुस्तीवाल्याने पंपातून मूठभर तुसाचा लगदा काढला आणि नऊशे रुपये घेतले. बादलीत भिजवून हाताने खळबळल्या तरी वास जातो.

मग रंगवलं. बाजारातून हिरव्या रंगाच्या पुड्या आणून पाच पोत्यांच्या झिपऱ्या पातेल्यात उकळल्या. जाळं शर्टावर शिवायला सासूबाई मदतीला बसल्या. त्यांनी आयुष्यभर गोधड्या शिवल्या आहेत. मी एका कडेपासून सरळ टाके घालत निघाले होते. "अगं, एका ओळीत नको," त्या म्हणाल्या. "चौकटी घाल. एक दोरा तुटला तरी बाकीचं राहील." दाभण आणि सुतळीने वीतभर अंतरावर चौकटी घातल्या. त्या शिवणीने आजपर्यंत दगा दिलेला नाही. छातीपोटावर झिपऱ्या लावल्या नाहीत, कारण सरपटताना त्या अंगाखाली गोळा होतात. कोपरांना आणि गुडघ्यांना ताडपत्रीचे तुकडे लावले.

सूट तयार झाला दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. वजन साडेचार किलो.

भाऊबिजेनंतरच्या रविवारी तो घेऊन माळावर गेले. गवत वाळून पिवळंफटक पडलं होतं. पिवळ्या माळावर मी हिरवं झुडूप होऊन आडवी पडले. पन्नास पावलांवरून टिटवी ओरडायला लागली आणि थांबेना. टिटवी ओरडली की आसपासचं एकही पाखरू जागेवर राहत नाही. त्यात कुसळं. कुसळी गवताचं बी टोकदार असतं, पीळ घेत कापडात शिरतं. गोणपाट तर त्याला हवंच असतं. तासाभराने उठले तेव्हा पाठीवर कुसळांचा थर होता आणि काही शर्टातून आत टोचत होती. ती काढायला तीन रात्री गेल्या. त्या वेळी मला खरंच वाटलं की हे सोडून द्यावं.

सोडलं नाही, कारण न रंगवलेल्या सहाव्या पोत्याचे तुकडे कोपऱ्यात पडले होते. त्यातला एक मी पुढच्या खेपेला माळावर नेऊन गवतावर टाकला. दहा पावलं मागे जाऊन वळून पाहिलं, तर तो सापडेना. गोणपाटाचा मूळ रंगच वाळल्या गवताचा रंग आहे. एवढा खटाटोप करून मी तोच झाकला होता.

सगळं उसवलं. नवी पोती आणली. निम्म्याहून जास्त झिपऱ्या तशाच ठेवल्या. थोड्या डाळिंबाच्या सालींच्या काढ्यात उकळल्या, त्यांना मळका पिवळा रंग आला. मूठभर झिपऱ्या त्याच काढ्यात गंजके खिळे टाकून ठेवल्या, त्या काळपट राखाडी झाल्या. या सावलीच्या जागी लागतात. आपल्याकडे साली फुकट मिळतात. रसाच्या गाड्यावर मागा.

जानेवारीत जे झालं ते सांगायला मला अजूनही जड जातं. पहाटे माळावर पडून होते. खाली धनगरांचा वाडा उतरलाय हे मला माहीत नव्हतं. तीन कुत्री भुंकत आली आणि माझ्याभोवती फिरायला लागली. मी घाबरून उभी राहिले. ती मोठी चूक. गवताचा ढीग उठून उभा राहिल्यावर कुत्री जास्तच पिसाळली. मी डोक्यावरचा टोप मागे फेकला, खाली बसले आणि जिवाच्या आकांताने हाका मारल्या. एक म्हातारे बाबा धावत आले. त्यांनी कुत्री हाकलली आणि हातातली गोफण दाखवली.

"तरस समजून दगड भरला होता, बाई. आधी सांगायचं ना."

मी माफी मागितली. गाडीत बसले तर किल्ली लागेना, हात इतके थरथरत होते. घरी आठवडाभर कुणाला काही बोलले नाही.

तेव्हापासून काही गोष्टी ठरवून टाकल्या. अभयारण्यात हा पोशाख घालून फिरायचं नाही. बाहेरच्या पडीक रानात जायचं, तेही मालकाला विचारून. आदल्या दिवशी वाड्यावर जाऊन सांगायचं. चालताना अंगावर भगवा पंचा ठेवायचा आणि खोळ जागेवर पोचल्यावरच चढवायची. गाडीजवळच्या बाभळीला लाल फडकं बांधायचं.

दुसरी भीती आगीची. घराच्या गच्चीवर एका झिपरीला काडी लावून पाहिली. पुरता श्वास घेईपर्यंत ती संपली. मग गरम पाण्यात लिटरला सत्तर ग्रॅम टाकणखार आणि तीस ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून सगळ्या झिपऱ्या भिजवल्या, सावलीत वाळवल्या. आता काडी लावली तर धागा काळा पडतो, पण ज्योत पुढे सरकत नाही. पावसात किंवा धुण्यात हे निघून जातं, पुन्हा करावं लागतं. आणि खोळ अंगावर असताना जवळपास कुणालाही बिडी पेटवू देऊ नका.

मार्चमध्ये उकाड्याने पूर्ण सूट घालणं अशक्य झालं. एकदा दहा वाजता मला डोळ्यांपुढे अंधारी आली. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बाया लावणीला इरलं घेतात तसं कर की. डोकं आणि पाठ झाकली म्हणजे झालं." शर्ट-पँट काढून टाकले. नुसत्या जाळ्याची, डोक्यापासून मांडीपर्यंत येणारी खोळ केली. वजन दीड किलो. हातांना आणि कॅमेऱ्याच्या लेन्सला गोणपाटाच्या बाह्या.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात साडेसहालाच जाऊन पाण्यापासून तीस पावलांवर पडले. पाण्याच्या अगदी जवळ बसू नये, उन्हाळ्यात तेवढाच पाणवठा असतो. टिटवी आली, कडेकडेने चालत माझ्यासमोरून गेली. ओरडली नाही. तेव्हाच छाती धडधडायला लागली. सव्वाआठला आवाज आला आणि बारा-चौदा पखुर्ड्या उतरल्या. एक नर पाण्यात शिरला, पोट टेकवून बसला आणि डुलत राहिला. त्याच्या पोटाची पिसं पाणी धरून ठेवतात. ते भिजलेलं पोट घेऊन तो पिल्लांकडे उडतो आणि पिल्लं पिसांतून पाणी पितात. हे मी वाचलं होतं. त्याची ओली पिसं लेन्समधून दिसली तेव्हा मी काही क्षण बटण दाबायचं विसरले. तीनच फोटो नीट आले.

त्या उडून गेल्यावरही मी वीस मिनिटं हलले नाही. मागून आणखी दोन आल्या होत्या.

खोळ घरी आणल्यावर लगेच गुंडाळून ठेवू नका. उन्हात उलटी टांगा आणि झटका, मेंढ्या बसलेल्या जागी गोचीड हमखास चिकटतात. माझी सध्या गच्चीवर टांगलेली आहे. उसवलेल्या हिरव्या झिपऱ्या कडुनिंबाचा पाला घालून पिशवीत बांधून ठेवल्या आहेत. भाद्रपदात लागतील.