सांडव्यावरून आलेला

आषाढातल्या एका सकाळी काकांच्या कुणग्यात कटला सापडला. तीन किलोचा तरी असेल. आदल्या रात्री आंबोली घाटात पाऊस कोसळला होता आणि गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या तळ्याचा सांडवा हातभर पाण्यानं वाहत होता. पाणी ओसरलं तसा हा चिखलात आडवा झाला. नुकती लावलेली रोपं अंगाखाली चेपलेली. खवले रुपयाएवढे, खालचा ओठ वर वळलेला, रुसलेल्या माणसासारखा. कल्ल्याचं झाकण उघडत होतं, मिटत होतं. दर वेळी जरा उशिरा.

काका मेरेवर उभे होते. म्हणाले, "ह्यो आपलो मासो न्हय. पिशयेतसून इललो. खाली येवक येता ह्येका, वर चढूचो रस्तो म्हायत नाय."

आपला मासा म्हणजे चढणीचा. मिरगाचं पहिलं पाणी धावलं की तो नदीतून व्हाळात, व्हाळातून कुणग्यात उलटा चढत येतो, अंडी घालायला. लहानपणी आम्ही रात्री बत्ती घेऊन त्याच्यामागे धावायचो. पोटात गाभोळी असलेला मासा पकडू नये, हा विचार गाभोळी खाताना कधी सुचला नाही.

कटला मात्र खरोखरच पिशवीतून आला होता. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांची बोटुकली येतात आणि तळ्यात सोडली जातात. दर वर्षी नव्यानं सोडावी लागतात, कारण साठलेल्या पाण्यात हे मासे सहसा वीत नाहीत. त्यांना पूर लागतो: गढूळ, धावतं, काठ सोडून पसरलेलं पाणी. हिरालाल चौधरींनी १९५७ साली ओडिशात पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांना पुराशिवाय वीण घ्यायला लावली. १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन त्याचीच आठवण. पण सुई उबवणी केंद्रात राहिली. तळ्यातल्या माशाच्या अंगात पुराची ओढ तशीच आहे. पाऊस लागला, पाण्याला गती आली की तो तिकडे जातो, आणि तिकडे असतो सांडवा. ज्या पाण्याची त्यानं वर्षभर वाट पाहिली, तेच त्याला भिंतीवरून खाली टाकतं.

मोठ्या धरणांवर तर पडण्याचीच इजा पुष्कळ. उंचावरून डोहात कोसळणारं पाणी हवा खोल ओढून नेतं, तिथल्या दाबाखाली ती गरजेपेक्षा जास्त विरघळते, आणि माशाच्या रक्तात बुडबुडे धरतात, घाईनं वर आलेल्या पाणबुड्याला होतं तसं. आमच्या तळ्याचा सांडवा कमरेइतका. तिथं मासा मरत नाही, हरवतो. ठेका घेतलेले लोक सांडव्यावर जाळी ताणतात; पहिल्याच पुरात ती पाल्याकाटक्यांनी तुंबते, मागचं पाणी चढतं आणि मध्यरात्री बांध वाचवायला कोणीतरी कोयता घेऊन तीच जाळी कापतो.

हरवलेला मासा खाली काय करतो, हा वेगळा प्रश्न. परक्या पाण्यात गेलेला मासा काय करू शकतो, त्याचं उदाहरण घरचंच. गळाला लावून खेळवायचा आपला राजा म्हणजे खडस, शिकाऱ्यांचा महसीर. कर्नल साइक्सनं १८३९ साली मुळा-मुठेतल्या माशावरून त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढे धरणांनी नद्या अडल्यावर तो कमी झाला, तेव्हा लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात त्याची पिल्लं वाढवली गेली, राज्याराज्यांत पाठवली गेली. काम चांगलंच होतं. पण ती कावेरीतही गेली, आणि तिथला पाठीला कुबड असलेला स्वतःचा महसीर मागे हटत गेला. त्या कुबडवाल्याला नेमकं शास्त्रीय नाव २०१८ साली मिळालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. बारसं आणि धोक्याची घंटा एकदमच.

काकांचा कटला आम्ही खाल्ला. चव चिखलाची. पुढच्या आठवड्यात मी घाट चढून आंबोलीला गेलो.

इथं वर्षाला ७ हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि माथ्यावर त्याची वाटणी होते. पश्चिमेचं पाणी आमच्या अंगणातून अरबी समुद्राला. पूर्वेचं हिरण्यकेशी होऊन आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला, तिथून कृष्णेला, बंगालच्या उपसागराला. खाली तिच्यावर बंधारे आहेत, पावसाआधी त्यांचे बरगे काढायचे असतात. पण उगमाच्या गुहेपाशी, देवीच्या कुंडात, नदी अजून ओंजळीएवढी असते. याच कुंडात बोटाहूनही लहान असा एक मासा सापडला. २०२० साली त्याला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' नाव मिळालं, आणि २०२१ साली मंदिराभोवतीची २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. सांडव्यावरून सुटलेलं काही इथं पोहोचणार नाही. पूर कितीही मोठा असो, तो उतारानंच जातो.

पिशवी मात्र घाट चढू शकते. हे मला चांगलं ठाऊक आहे. कॉलेजात असताना मी लोणच्याच्या बरणीत गप्पी पाळले होते. सुट्टीला घरी निघताना त्यांचं काय करायचं सुचेना, म्हणून वाटेवरच्या एका देवळाच्या तळीत ओतले. वर हात जोडले. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देतो, महिन्या-महिन्याला. ती तळी पुन्हा पाहायला मी गेलेलो नाही.

गुहेतून गार वारा येत होता. कुंडाच्या तळाशी एका दगडाआड काहीतरी हललं. तोच मासा, की त्याचा कोणी भाऊबंद, मला ओळखता येईना. अंगावर पट्टे, पोट दगडाला टेकलेलं, तोंड झऱ्याकडे. वरून पाण्याचा लोंढा आला की शेपूट तेवढी थरथरायची. माझ्या पाठीमागे कोणीतरी चुरमुऱ्यांची पुडी सोडत होतं.