अडलंय कुठं?

आमच्याकडच्या पोरांना मदत मागता येत नाही, असं ज्याला वाटतं त्याने एकदा भीमाकाठी कांद्याची लागण बघायला यावं. नदीच्या एका अंगाला दौंड तालुका, दुसऱ्या अंगाला शिरूर. रीत दोन्हीकडे एकच. आज तुमच्या रानात, परवा आमच्या. सावडीत कुणी कुणावर उपकार करत नाही. रात्री मोटर जळाली तर ज्या भावकीशी बांधावरून बोलणं बंद आहे, तिच्याही दारावर थाप पडते. पीक काही भांडण मिटायची वाट बघत नाही.

हीच पोरं बारावी काढून पुण्याला ‘एफवाय’ला येतात आणि मुकी होतात.

दौंडची मुलं शटलने येतात. पाटस, केडगाव, यवत, उरुळी करत हडपसरपर्यंत निम्मा डबा पेंगत असतो, उरलेला मोबाईलमध्ये. शिरूरला रेल्वे नाही. तिथली मुलं एसटीने नगर रस्ता धरतात. रांजणगाव, शिक्रापूर सुखाने मागे पडतं आणि वाघोलीला गाडी अडकली की पहिला तास गेला. गेलेला तास कुणाला मागायचा, हेही त्यांना ठाऊक नसतं.

मी पहिल्या वर्षाला गणित शिकवतो. ‘समजलं का?’ असं विचारलं की मागच्या बाकांवरून एका सुरात ‘हो सर’ येतं. एवढा एकमताचा ठराव ग्रामसभेतही होत नाही. परवा एका मुलाची वही चाळली. अक्षर मोत्यासारखं, फळ्यावरची एकही ओळ सुटलेली नाही. समासात पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं, ‘लेट एप्सिलॉन बी ग्रेटर दॅन झिरो’. माझं बोलणं त्याने जसंच्या तसं देवनागरीत टिपलं होतं. घरी गेल्यावर अर्थ लावू म्हणून. पुढच्या पानांवर ते समासातलं लिखाण विरळ होत गेलं होतं आणि दिवाळीच्या आधी थांबलं होतं. गैरहजेरी मात्र एकही नव्हती.

गावातल्या शाळेत मास्तर बापाला ओळखतात. तिथलं विचारणं ओळखीच्या खात्यावर चालतं. इथे आपलं नावही कुणाला माहीत नाही, मग तोंड उघडायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे साठ जणांपुढे जाहीर करायचं. शहरातली मुलं हुशार असतात म्हणून विचारतात असं नाही. त्यांना विचारायची लाज नसते, एवढाच फरक. संध्याकाळी घरून फोन येतो, ‘चाललंय ना?’ ‘चाललंय.’ फीसाठी पतपेढीचं कर्ज काढलेल्या बापाला पोरगा दुसरं काय सांगणार?

पण नुसतं ‘विचारा रे’ म्हणूनही भागत नाही. ‘सर, काहीच कळत नाही’ म्हणत कुणी आलं की मीही हतबल होतो. सुरुवात कुठून करू? ‘तिसऱ्या ओळीत हा डेल्टा कुठून आला?’ असं विचारलं, तर काम पाच मिनिटांचं. म्हणून हल्ली मी सांगतो, अडलं तिथे पेन्सिलीने फुली मारा आणि ती फुली घेऊन या.

नेमकं मागणं कसं असतं, याचा धडा खरं तर या पोरांच्या रोजच्या वाटेवरच आहे. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई 1886मध्ये अमेरिकेला गेल्या आणि तिथेच राहून मदत मागत फिरल्या. त्यांनी मोघम हात पसरला नाही. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, शाळा कुणासाठी काढायची ते सांगितलं. डिसेंबर 1887मध्ये बोस्टनला त्यांच्या नावाने मंडळ उभं राहिलं आणि त्याने दहा वर्षं शाळेचा भार उचलायचं कबूल केलं. 1889मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. परक्या देशात, परक्या भाषेत मागितलं म्हणून रमाबाईंना कुणी कमी लेखल्याचं मला तरी ठाऊक नाही.

पैशाची अडचण असेल तर ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. गणित बाजूलाच राहो, झोपच उडाली असेल, जेवण जात नसेल, तर 14416 हा सरकारी टेलिमानस क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, फुकट आणि मराठीतही.

तुमच्या घरात, भावकीत पहिल्या वर्षाला कुणी असेल तर एवढं करा. ‘अभ्यास कसा चाललाय?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. शेजारी बसा, वही उघडायला सांगा आणि विचारा, ‘अडलंय कुठं?’ तुम्हाला एप्सिलॉन कळला नाही तरी चालेल. फुली कुठे मारायची ते पोरगं स्वतःच दाखवेल.