अतिदक्षता विभागातील दुसरी सही

चौतीस वर्षे बँकेत काढल्यावर कोणताही कागद समोर आला की नजर आधी सह्यांकडे जाते. गेल्या वर्षी आमचे थोरले बंधू न्यूमोनियाने अत्यवस्थ झाले आणि अकरा दिवस कृत्रिम श्वसनयंत्रावर होते. भेटीच्या वेळेत दादांना डोळे भरून पाहून झाले की मी खाटेच्या पायथ्याशी ठेवलेल्या मोठ्या तक्त्याकडे वळत असे.

तो तक्ता म्हणजे रोजकीर्दच होती. सलाइन, औषधे, नळीतून दिलेले अन्न एका बाजूला, लघवी व निचरा दुसऱ्या बाजूला. तासातासाला नोंद आणि चोवीस तासांनी ताळेबंद. हे लिहिणारी परिचारिका मधल्या वेळात श्वासनळीतील कफ ओढून काढी, यंत्रांच्या अखंड घंटांतून खरी घंटा कोणती ते ओळखी, आणि शय्याव्रण होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी दादांची कूस बदली. दादा शुद्धीवर नव्हते, तरीही प्रत्येक वेळी ती म्हणे, “काका, आता कूस बदलते हं.”

दादांचा चौविहार असे. वहिनींनी विनवले, “सूर्यास्तानंतर नळीतून काही देऊ नका.” इन्सुलिन चालू असताना अन्न थांबवले तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरते, हे त्या मुलीने वहिनींचा हात हाती घेऊन समजावले. अशी संभाषणे कोणत्याही तक्त्यात लिहिली जात नाहीत.

शिरेतून पोटॅशियम देताना मात्रा व वेग दोन परिचारिकांनी पडताळावा, असा दंडक असतो. चूक झाल्यास हृदय थांबू शकते. बँकेत यालाच आम्ही मेकर-चेकर म्हणत असू. श्वसनयंत्रावरील एका रुग्णामागे एक परिचारिका, हे मान्य प्रमाण. त्या विभागात रात्री एकीकडे तीन रुग्ण असत. एका सकाळी दुसऱ्या सहीचा रकाना कोरा दिसला. विचारले, तर त्या वेळी दुसरी सिस्टर पलीकडच्या खाटेवरील रुग्णाची छाती दाबत होती. मनुष्यबळ कमी पडले की सर्वांत आधी पडताळणी जाते. दादा सुखरूप घरी आले, पण तो कोरा रकाना माझ्या मनातून गेला नाही.

वास्तविक हा विभाग जन्मला तोच माणसांच्या हातांतून. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. यंत्रे अपुरी पडली, तेव्हा डॉ. बियॉर्न इब्सेन यांच्या पद्धतीने सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रबरी पिशव्या हाताने दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवला.

आपल्या समाजातील दाते यंत्रे मोकळ्या हाताने देतात. यंत्रावर नावाची पाटी लागते, पगारावर लागत नाही. (शिवाय पगार हा महसुली खर्च, आणि त्याचे व्यापाऱ्याला वाटणारे भय मी जाणतो.) सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये, पन्नासहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. किती ठिकाणी मिळतात, हे विश्वस्तांनी आपापल्या पगारपत्रकात पाहावे.

आमच्या ट्रस्टने यंदा नवे मॉनिटर देण्याचे योजिले होते. त्याऐवजी रात्रपाळीच्या दोन परिचारिकांचा तीन वर्षांचा पगार द्यावा, असा ठराव मी मांडला आहे. कोषाध्यक्षांनी विचारले, “आणि चौथ्या वर्षी?” प्रश्न रास्त आहे. पुढील सभेसाठी मुदत ठेवीच्या व्याजाचे कोष्टक तयार करतो आहे.